पुडी

चोपड्याच्या बस स्टँडसमोर आमचं मेडिकल.
केळीचे घड वाहणारे दिवस मावळताना येतात,
एक हात कंबरेवर.
मी पुडी बांधायचो. एक पिवळी, एक पांढरी,
दहा रुपये.
हिलाल कोळी रोज दोन न्यायचा.
जेवलास का? हसायचा. गाडी भरल्यावर.

पोटात जळतंय, म्हणाला एकदा.
मी म्हटलं, ठेचा कमी कर.
कळण्याच्या भाकरीवर एवढा ठेचा, मग जळणारच.
सात वर्षं सगळं खापर
मी मिरचीवर फोडलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी वत्सला आली,
गिऱ्हाईक सरेपर्यंत खांबाशी उभी.
मग अगदी हळू:
भाऊ, त्यांना काळं होतंय. डांबरासारखं, चिकट.
बादलीभर पाणी ओतलं तरी फरशी सोडत नाही.
वासाचं सांगताना पदर नाकाशी गेला.
विचारलं तर म्हणतात, काई नई व्हस माले.

रात्री तो ओकला.
चहाचा चोथा असावा तसं, आणि मागून लाल.
तापीच्या पुलावर ॲम्ब्युलन्समध्ये
त्याचा हात माझ्या हातात, गार, ओला,
नाडी पळत होती, सापडत नव्हती.

जळगावला दोन्ही हातांत जाड सुया,
सलाईन, मग रक्त. हिमोग्लोबिन पाच.
डॉक्टरबाईंनी विचारलं, गोळ्या कोणत्या?
वत्सलाने पदराची गाठ सोडली,
वर्तमानपत्राचा चुरगळलेला तुकडा.
सकाळ, संध्याकाळ.
अक्षर माझं.

दुर्बिणीच्या पडद्यावर
आतड्याच्या तोंडाशी एक खड्डा, शेंगदाण्याएवढा,
मधोमध उघडी नस, थुईथुई.
बाईंनी इवलासा चिमटा बसवला.
थांबलं.
मिरचीने नाही होत हो हे, त्या म्हणाल्या,
रिकाम्या पोटी रोज ही गोळी, आणि आत एक जंतू.
जंतूचं औषध चौदा दिवस. गोळी बंद.

मी रक्त दिलं.
ते त्याला नाही मिळालं, पेढीत गेलं,
कुणा भलत्याच्याच अंगात.

आता मी विचारतो, जेवलास का?
मग इकडेतिकडे बघून, रंग कसा असतो?
काही जण चिडून पलीकडच्या दुकानात जातात.
तिथेही दहाच रुपये.

दिवाळीनंतर हिलाल आला. गाल भरलेले.
काउंटरवर सहा केळी ठेवली,
एक हात कंबरेवर.
कंबर ते दुखसच ना, भाऊ.

कागद फाडला होता मी, सवयीने.
तो तसाच हातात.