पावणेअकराची गाडी

रामबागेत वाचनालयाच्या मागची खोली
शनिवारी आम्हाला मिळते. भाडं नाही,
जाताना फरशी पुसून द्यायची, एवढंच.
मी कागदावर लिहून नेते:
दहा ते साडेदहा माती, मग रंग,
मग सगळ्यांनी मिळून एक खेळ.
चार वर्षांत एकदाही
माती साडेदहाला संपलेली नाही.

लोकेंद्रची चाकांची खुर्ची उंबऱ्याला अडायची.
ग्रंथपाल खांडेपारकरांनी, तोंड वाकडं करत,
मोडक्या कपाटाची फळी आणून टाकली.
आता त्या उतारावरून सगळेच येतात,
धडधाकट पायांचेसुद्धा, घसरत,
आणि लोकेंद्र नाक्यावर बसून टोल घेतो,
माणशी चिमूटभर शेव.

निषाद मातीला हात लावत नाही.
प्लास्टिकच्या पिशवीत गोळा बांधून दिला
तर बाहेरून दाबत राहतो तासभर.
आत काय झालं ते दाखवत नाही.
मी विचारायची, काय केलंस रे?
विचारायचं नसतं, हे शिकायला
मला अख्खा एक पावसाळा लागला.

तस्नीमला ऐकू येत नाही.
ती खिडकीच्या कट्ट्यावर बसते, तिथून
गल्ली दिसते, दार दिसतं, सगळ्यांचे ओठ दिसतात.
बोलता बोलता मी भिंतीकडे वळले
की खडू फेकून मारते.
नेम चांगला आहे.

आणि पावणेअकराला कचऱ्याची गाडी.
गावाला तिचा अभिमान, मलाही आहे,
ओलं निराळं, सुकं निराळं.
पण टपावरचा भोंगा गल्लीत शिरला
की निषाद भिंतीवर डोकं आपटायचा.
खिडक्या लावून पाहिल्या. कापूस आणला.
एकदा घाबरून मी त्याला मिठीत धरलं,
ते तर भोंग्याहून वाईट.
नगर निगमला अर्ज दिला.
पोच मिळाली.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी
गाडी येऊन गेली आणि खोलीत काहीच झालं नाही.
मी ब्रश धूत होते. वळून पाहिलं,
निषाद टेबलाखालून बाहेर येत होता,
पिशवी हातात.

पुढच्या शनिवारी मी ब्रश धुतले नाहीत.
चौकातल्या कडुलिंबामागून
गाडीचं पिवळं नाक निघालं
तशी तस्नीमने रंगाचा फडका वर केला.
जुईने टेबलाभोवती पुठ्ठे उभे केले.
निषाद आत. लोकेंद्रने खुर्ची वळवून
तोंडाशी लावली, ब्रेक ओढला.
भोंगा आला. भोंगा माझ्याही कानाला
त्या दिवशी जरा जास्तच वाटला.
मग फडका खाली.
“निकल आ भिया, गई.”

हे कुणी शिकवलं, मी तस्नीमला विचारलं
माझ्या अडखळत्या बोटांनी.
तिने निषादकडे बोट केलं
आणि चेहरा केला, त्याचाच, तेव्हाचा,
इतका हुबेहूब की मला पाहवेना.
मग कागद ओढून गाडी काढली
आणि टपावरून चहूकडे
लाल काटे, बाभळीचे असतात तसे.
भुवया उडवून मला विचारलं,
असाच असतो ना?

मी काय सांगणार.
मी भोंगा नुसता ऐकते.
मी कागद टेबलावर सरकवला, निषादपुढे.
त्याने बराच वेळ पाहिलं,
पिशवीत बोटं गुंडाळून लाल खडू उचलला
आणि एक काटा वाढवला.
खाली, चाकाजवळ.
तिथे तस्नीमने काढलाच नव्हता.

तिने कपाळावर हात मारून घेतला,
विसरलेच की, अशा थाटात.

फरशी पुसताना मातीची पिशवी सापडली.
गोळ्यावर बोटांचे खळगे, दाटीवाटीने.
ओल्यात टाकायची की सुक्यात?
कपाटात ठेवली,
खांडेपारकरांच्या रजिस्टरमागे.