चोक

फोर्टात, तय्यबभाईंच्या दुकानात
वैखरी बारा बोअर खांद्याला लावते.
दस्ता लांब, नळी हळूहळू खाली झुकते,
तरी म्हणते, "जड नाहीये."
नाव वैखरी, आणि पंधरावं लागल्यापासून
बोलणं एवढंच.

तय्यबभाई मुकाट्याने वीस बोअर पुढे करतात.
"काडतूस हलकं घ्या. दस्ता बोटभर कापू,
मुलगी वाढली की तुकडा परत जोडू.
हरवू नका."

चोकचं मी बोलतो. मला फुल हवा.
छर्रे एकवटून जावेत, लांब,
एकही वाया नको.
माझे वडील काडतुसं मोजून द्यायचे
आणि रिकामी परत मोजून घ्यायचे.

ती ऐकत नसते.
सुटा चोक अंगठीसारखा बोटात फिरवते,
मग एक डोळा मिटून
त्यातून माझ्याकडे बघते,
किती वेळ.
"मॉडिफाइड," म्हणते. "रविवारी मी पंचविसातल्या
एकोणीस मातीच्या पाखरांना
नुसती हवा घातली, बाबा."
आणि हसते. दुकानात. मोठ्याने.

लायसन्स माझ्या नावावर,
तिचं व्हायला अजून सहा वर्षं.

टॅक्सीत माझ्या खिशात तो तुकडा,
करवतीने अजून कोमट.