चिमूट

ओस्त्रावाला समुद्र नाही.
या अख्ख्या देशालाच नाही.
तरी सहाव्या मजल्यावर, रेडिएटरपासून हातभर लांब,
बाबांचा साठ लिटर समुद्र आहे.
त्यांचा खोकला इस्पितळात राहायला गेला
तेव्हापासून तो माझ्याकडे आहे.

वहीत त्यांचं अक्षर, खाणीतल्या पाळीच्या नोंदींसारखं:
रविवार. तापमान पंचवीस. क्षार पस्तीस. नायट्रेट दोन.
रविवार. नायट्रेट दोन.
पान उलटलं की माझं अक्षर:
दहा. पंचवीस.
पन्नास, आणि पुढे प्रश्नचिन्ह,
जणू विचारल्यावर ते कमी होणार होतं.

नळीत पाच मिली पाणी, चार थेंब, चमचीभर भुकटी,
मिनिटभर हलवायची आणि दहा मिनिटं
स्वयंपाकघरात उगाच उभं राहायचं.
खिडकीतून जुन्या शाफ्टचं चाक दिसतं,
आता फिरत नाही.
नळीत रंग चढतो
शिजलेल्या बिटाचा.

फोनवर बाबा: खायला किती घालतेस?
चिमूटभर.
कोणाची चिमूट?
मी गप्प. मग आठवलं,
त्यांची तर्जनी अर्धीच आहे,
उरलेली एकोणऐंशी सालापासून
आठशे मीटर खाली.
माझी चिमूट म्हणजे त्यांच्या दोन,
आणि मी दिवसातून तीनदा टाकत होते,
कारण दार उघडलं की
ते दोन नारिंगी मासे काचेशी धावत येतात,
आणि या घरात आता
दुसरं कोणी धावत येत नाही.

मग लागले मागे.
बादलीत मीठ ढवळलं, रात्रभर पंप चालवला,
आठवड्याला सहा लिटर बदलायचं ते दिवसाआड बदललं.
फिल्टरचा स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळला:
काळं निघालं, गाळ नव्हे, माझी सगळी माया.
मागच्या कप्प्यात शेवाळाचा गुंता सोडला,
त्याच्यावर रात्रभर दिवा.
माशांना एक दिवस खाणं, दोन दिवस उपास.
वाळूतल्या खेकड्याने
माझ्याकडे पाहिलं, असं मला वाटलं.

एका बुधवारी नळीत रंग आलाच नाही.
पांढऱ्या कागदावर धरली, खिडकीशी नेली,
शेजारच्या कुबीचकोवा बाईंना बोलावून दाखवली.
काही नाही, त्या म्हणाल्या, पाणी आहे.
मी वहीत मोठं शून्य काढलं,
मुलं सूर्य काढतात तसं.

आठ दिवसांत प्रवाळ फिका पडू लागला.
मुठीएवढा, बोटांच्या टोकांवर हिरवा असलेला,
बाबांनी त्याच्यासाठी अर्धं पेन्शन मोजलं होतं.
हिरवा गेला, मग तपकिरी गेला,
बोटं आत ओढली गेली.
उरलं ते खडूसारखं.

पोरुबातल्या दुकानातला रादोवान
फोटो पाहून म्हणाला, उपाशी आहे.
अहो, पण पाणी किती स्वच्छ आहे!
तेच तर, तो म्हणाला,
आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बाबांना सांगायला मला दोन दिवस लागले.
त्यांच्या नाकात नळी होती, म्हणून वाक्यं तुकड्यांत:
खाली आम्ही... मिथेन मोजायचो...
काट्याने शून्य दाखवलं...
तर कोणी खूश व्हायचं नाही.
मग?
यंत्र बिघडलंय समजायचो.
हसायला गेले आणि
खोकल्याने त्यांना पुरतं धरलं,
नर्सने मला बाहेर काढलं.

त्या रात्री शेवाळावरचा दिवा मी लवकर मालवला.
मग तर्जनी मधल्या पेरात दुमडली
आणि उरलेल्या अर्ध्या बोटाने, अंगठ्याने
डब्यातून उचललं.
जमत नाही चटकन. निम्मं ओट्यावर सांडतं.
मासे वाट पाहतात.

रविवार. तापमान पंचवीस. क्षार चौतीस, थोडं मीठ हवं.
नायट्रेट चार.
गुलाबी, पण उजेडाकडे धरलं तरच.
प्रवाळाचं एक बोट बाहेर आलंय,
डाव्या बाजूचं.
बाकीच्यांचं मला माहीत नाही.