प्रलंबित

मेयोत एकतीस वर्षं मी एक्स-रे काढले.
छायेवरून हाड ओळखायचं ते डॉक्टरांनी,
माझं काम एवढंच : पेशंट हलू नये.
निवृत्तीनंतर शिकारी पक्ष्यांच्या नोंदी तपासते.
काम तेच. आता मात्र सगळेच हलतात.

जानेवारीत तर विचारूच नका.
संक्रांतीच्या आठवड्यात आलेले निम्मे गरुड
कागदाचे निघतात, मांजासकट.
सीताबर्डीच्या टॉवरवरचा बहिरी ससाणा
शिक्रा निघतो, आणि शिक्रा कधीकधी पावशा.
अंबाझरीवर कोणी मत्स्यगरुड पाहिला, "खूप मोठा".
कशापेक्षा मोठा, काका?
रिकाम्या आभाळात घारही विमानाएवढी होते.
आणि ज्याने पुस्तक आधी उघडलं
त्याच्या पक्ष्याला
पुस्तकातली सगळी पिसं फुटतात.

म्हणून भांडेवाडीची चिठ्ठी वेगळी वाटली.
लिहिणारा डम्परवरचा पोरगा,
सांगणारी शेवंता उईके, कचरा वेचते.
पहिलंच वाक्य :
घारींमध्ये एक घार नव्हती.

गेले. धूर, डोळ्यांत पाणी,
वर तीन-चारशे घारी
उकळत्या चहातल्या पत्तीसारख्या फिरत.
शेवंता गमबुटात उभी.
मी मुद्दाम वाकडं विचारलं :
शेपटीला खाच होती ना?
"खाच घारीले. घार मले रोज भेटते, बाई,
कोंबडीची पन्नी हातातून नेते.
तिची शेपटी पाठ हाय मले. इची गोल होती."
डोक्यावर तुरा?
"तुमीच पाह्यली का मंग?"

मग तिने एक पंजा उघडला,
शेजारी दुसऱ्या हाताची दोन बोटं धरली :
पंखाच्या टोकाला इतकी.
पंखाखाली पांढरा काठ, लुगड्याला असतो तसा.
आणि तोंड,
"तोंड इथपर्यंत फाटेल,"
बोट डोळ्याच्या मागे नेत म्हणाली,
"पिवळं. जशी हासूनच रायली.
पन हासत नव्हती."

पेन थांबलं माझं.
ही खूण कोणी ऐकीव सांगत नाही.
माझ्या कपाटातल्या तीन पुस्तकांपैकी
दोन तर तिचा उल्लेखही करत नाहीत.

रविवारी समिती बसली,
धरमपेठेत, ढोबळेंच्या गच्चीवर.
फोटो नाही, ढोबळे म्हणाले.
गजभियेंनी चष्मा पुसला :
बाई विश्वासू वाटते, पण फोटो नाही.
(विश्वासू हा रकाना आमच्या फॉर्मात नाही.)
दोन विरुद्ध एक. प्रलंबित.
मी भांडले नाही.
उमरेडच्या एका वनरक्षकाची नोंद
मीच अशी परत पाठवली होती कधीतरी.
त्याने पुन्हा काही लिहिलं नाही.

निरोप सांगायला परत भांडेवाडी.
शेवंताने सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं,
"थे जाऊ द्या. तिचं नाव काय?"

नाव मला ठाऊक होतं. जिभेवर होतं.
दिलं नाही.
पुढच्या हिवाळ्यात ती आलीच
तर शेवंताच्या डोळ्यांत बिननावाची उतरावी,
पुस्तकाचं एकही पीस न चिकटलेली.
कळलं की सांगते, म्हटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली
घारींकडे बघते तशी,
आधी शेपटी.