शिजायला वेळ लागतो

माझं काम मोजण्याचं.
शून्य नंबरचा ब्रश, भिंग, रेघांची वही,
आणि जुन्या गोव्यातल्या फार्मच्या मागच्या शेडमध्ये
कुंड्यांत आळसांदे: तीस ओळी,
प्रत्येकीच्या एका पानावर चिमटा-डबीत
माव्याची एक मादी, कोंडलेली.

तिला नर लागत नाही.
अंडंही नाही, पिल्लूच टाकते, ढुंगण आधी,
आणि त्या पिल्लाच्या पोटात
त्याचं पिल्लू केव्हाच धरलेलं असतं.
आई, लेक, नात,
मोहरीएवढीसुद्धा नसलेल्या एका कातडीत.

बाजारच्या वाणावर सहाव्या दिवशी बाळंतीण.
चार काती टाकून मोकळी, मग रोज सहा, रोज आठ.
डबी सैल राहिली आणि मी रविवारी घरी,
तर सोमवारी शेंग काळी कुळकुळीत,
आणि खालून वर मुंग्यांची वर्दळ,
लग्नघरी गोडाला आल्यासारखी.

सतरा नंबरवर तसं होत नाही.
तिथंही ती सोंड खुपसते.
काढते. दोन पावलं सरकते. पुन्हा खुपसते.
रस आहे, पण रसात काहीतरी कमी आहे,
किंवा जास्त.
डॉक्टर कुंकळयेकर म्हणतात, दोन जनुकं असावीत.
मी लिहिते:
तिसरी कात, दिवस सातवा.
चौथी कात, दिवस अकरावा, मागच्या पायांत अडकली.
पिल्लं दोन.
शून्य.
शून्य.

फवारा नाही मारला कुणी.
झाडानं तिला मारलंही नाही.
नुसतं ताटकळत ठेवलं,
सरकारी खिडकीपुढं ठेवतात तसं.

हे बी खोतीगावच्या सत्यवती वेळीपबाईंचं.
सुक्या दुध्याच्या कवचात, राखेत घोळलेलं,
तीन मुठी उरलं होतं.
"कीड लागना हाका," त्या म्हणाल्या,
"पूण शिजपाक वेळ लागता.
सून म्हण्टा, गॅस सोंपता."
म्हणून आता लावत नाहीत.

चाचणीतून उरलेले पसाभर मी घरी नेले.
रात्रभर भिजवले, सात शिट्ट्या दिल्या,
नारळाचा रस, दोन तिरफळं.
तरी दाताखाली दाणा अडून राहिला
आणि मी चावत राहिले,
चावत राहिले,
एकदम हसूच आलं:
सोंड काढते, सरकते, पुन्हा खुपसते.

आज वहीतला शेवटचा रकाना.
सतरावरची म्हातारी सुकून पानाला चिकटलीय.
तिच्या दोन लेकींपैकी एक दिसत नाही.
दुसरीला पंख फुटलेत.
पानाकडे पाठ करून
ती डबीच्या भिंतीवर बसलीय, उजेडाच्या बाजूला.

तिला कुठल्या रकान्यात मोजायचं,
ते छापील तक्त्यात नाही.
पेन्सिल कानावर ठेवून
मी अजून बघतेय.