सातवा झोन

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. आयडाहो फॉल्समध्ये
बटाटा काढणीची सुट्टी, शाळेला कुलूप,
म्हणून मुलगी माझ्यासोबत ट्रकमध्ये,
मागे कॉम्प्रेसर, तिच्या मांडीवर यादी:
आज एकोणीस घरं. रात्री कडाका पडणार म्हणतात.

आर्डिस ट्वेटचं घर बारावं.
दरवर्षी लॉयल दारातच असायचा, टोपीचे कान बांधून,
गॅरेजमधल्या डब्याशी उभा राहून बटणं दाबायचा,
"तीन!" म्हणायचा, आणि तिसऱ्या झोनला हवा सुटायची.
"बास!" त्याचं बास माझ्या घड्याळाहून अचूक.
सहा झाले की म्हणायचा,
जा, आत कॉफी घे, मशीन मी बंद करतो.

यंदा दारात ती. हातात त्याचे हातमोजे, घातलेले नाहीत.
"मला यातलं काहीच ठाऊक नाही."

काम तसं सोपं.
लांब दांड्याची किल्ली जमिनीत उतरवायची,
व्हॉल्व्ह लागेपर्यंत चाचपडायचं, पाव फेरा, पाणी बंद.
मग पितळी तोंडाला होज जोडायचा
आणि काटा पन्नासच्या वर जाऊ द्यायचा नाही.
पुढचं पाणीच सांगतं:
हिरवळीतून काळ्या माना वर येतात,
आधी कारंजं, जुलैतल्यासारखं ऐटीत,
मग ठसका, मग खाकरणं,
मग नुसता धुक्याचा फुत्कार.
तिथं थांबायचं. कोरडी हवा जास्त फिरली
तर आतले दाते झिजतात.
कमी फिरली तर घोटभर पाणी उरतं,
आणि घोटभर पुरतं. जानेवारीत ते फुगतं,
पितळ उकलतं. कुणाला ऐकू जात नाही.
कळतं थेट मेमध्ये.

डब्याच्या झाकणाआड लॉयलचा नकाशा,
वीजबिलाच्या पाकिटावर पेन्सिलीनं.
एक: पुढचं अंगण. दोन: फूटपाथची पट्टी.
चार: आर्डिसचे टोमॅटो, खाली दोन रेघा.
सहा: परसाची कड.
बस, सहाच.

लॉयलच्या जागी उभी राहून मुलगी
सहाही वेळा घसा ताणून "बास!" ओरडली,
मग म्हणाली, "बाबा, इथं सात नंबर पण आहे."

असतात कधी रिकामी बटणं.
पण साताला तार होती. लाल, नीट गुंडाळलेली.
दाबलं. काटा पडला. म्हणजे हवा जात होती.
अंगणात काहीच हललं नाही.
आम्ही तिघं घराभोवती फिरलो, वाकून, कान देऊन.
इथं कुठंतरी पाणी मुरत होतं.

"तिकडे!"
कुंपणापलीकडं, व्हर्न स्टॉकडेलच्या हद्दीत,
लायलॅकच्या बुंध्याशी
पालापाचोळा थरथरत होता, खालून फुसफुस.

व्हर्न आणि लॉयल. अकरा वर्षं शब्द नाही.
कुंपण तीन फूट इकडं की तिकडं,
मोजणीवाले झाले, वकील झाले,
त्या तीन फुटांवर पाणी सोडायला
दोघांतलं कुणीच तयार नव्हतं.

आर्डिस फळीला धरून बघत राहिली.
"व्हर्नच्या बायकोनं लावलेलं ते," म्हणाली.
"ती गेली, आणि यानं पाणी घालणं सोडलं.
दर मेमध्ये फुलायचं तरी.
मला वाटायचं, लायलॅक चिवटच असतं."

फुसफुस विरळ झाली. कोरडी झाली.
मुलगी गॅरेजच्या दारातून माझ्याकडं बघत होती.
मी काहीच म्हटलं नाही.
शेवटी आर्डिसच म्हणाली, हळू, कुंपणाकडं तोंड करून,
"बास."

व्हॉल्व्हचे कान अर्धे तिरके ठेवले,
म्हणजे आत थेंब अडकत नाही.
जुन्या टॉवेलात पितळ गुंडाळलं, दोरीनं बांधलं.
तिनं चेक लिहिला, कॉफीचं विचारलं.
आणखी सात घरं होती. नको म्हटलं.

ट्रक वळवताना आठवलं:
इतकी वर्षं मी त्यांच्या स्वयंपाकघरात कप धरून,
आणि बाहेर माझं मशीन
दोन-तीन मिनिटं उगाच चालू.
मी डिझेलचा हिशेब करायचो.
म्हणायचो, म्हातारा आहे, बटण सापडत नसेल.