फाटकावरची तीन मिनिटं

पट्टा लावू नका, मी सांगतो.
काच अर्धी खाली ठेवा, दाराची कडी काढा.
वेग ताशी पंचवीसच्या आत, नाहीतर थेट चाळीसच्या वर.
मधला वेग धरलात तर बर्फाखाली लाट उठते
आणि गाडीच्या पुढे धावत जाऊन रस्ताच फोडते.
कुठेही थांबायचं नाही.

सकाळपासून एकतीस गाड्यांना हेच म्हणालो,
हीउमा बेटाच्या टोकाला, जिथे डांबर संपतं
आणि गोठलेला समुद्र रस्ता म्हणून सुरू होतो.
बर्फाची जाडी काल रात्री मोजली:
एक वीत, वर चार बोटं.
पुरते. आठ वर्षांनी यंदा पुरली.

बत्तिसावी गाडी पांढरी, डाव्या दाराला पोचा.
पोचा माझाच, गोठ्याच्या खांबाला घासून पाडलेला.
काच खाली गेली. विल्या.
"सांगा साहेब," म्हणाली, हसू दाबत,
जणू मी कोणी सरकारी माणूस.
आहेच मी. पिवळं जाकीट, शिट्टी, वही.

सामान?
दोन बॅगा, आईचं शिवणयंत्र,
बटाटे, "नको म्हटलं तरी घातलेत तिने."
वजन भरतं नियमात.
माणसं?
तिने शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं,
मग माझ्याकडे. मी लिहिलं: १.

आता नियम सांगायचे.
पहिल्याच वाक्याला घसा धरला.
एकोणीस वर्षं याच्या उलट बोलत आलोय मी,
पट्टा लाव, दार नीट ओढ, काच वर घे, वारा लागेल.
तीन वर्षांची होती तेव्हा अंगणात गाडी चालू ठेवून
आम्ही पाऊण तास बसलो होतो एकदा,
मारिका घड्याळ बघतेय, दवाखान्याची वेळ टळतेय,
आणि मागे ही, लालबुंद, त्या बकलाशी झटतेय:
मी लावणार. मीच.
लागलं शेवटी. खट् झालं.
तो आवाज अजून कानात आहे.

"पट्टा," मी म्हणालो.
"लावायचा नाही," ती म्हणाली, "माहितेय, बाबा."
गाडी खाली गेलीच तर बांधलेला माणूस अडकतो,
मोकळा निघतो.
यातून मी काही अर्थ काढत नाही.
खात्याचं परिपत्रक आहे.

दांडा वर केला.

दोन गाड्यांत तीन मिनिटं अंतर, हाही नियमच.
कधी जाणवली नव्हती ती मिनिटं.
तंबाखू मळायची, नाक पुसायचं, संपली.
आज बघत उभा राहिलो.
कडेला रोवलेल्या जुनिपरच्या फांद्या
एकेक करून तिच्या मागे येत गेल्या.
बर्फ दूरवर कण्हल्यासारखा वाजला.
वाजतोच तो, वाजणारा बर्फ चांगला,
गप्प राहतो त्याची भीती.
मीच शिकवलं होतं तिला हे, खांद्यावर बसवून.
पांढऱ्यात पांढरी गाडी, आधी चाकं दिसेनाशी झाली,
मग काचेवरचं ऊन. मग काही नाही.
ब्रेकचा दिवा एकदाही लागला नाही.
चांगली चालवते.

मागून भोंगा.
म्हातारा एंडेल, टपात मेंढा घेऊन.
"सोडतोस का आज?"
तीन मिनिटं होऊ देत, मी म्हणालो.
"अरे, पाच झाली," तो म्हणाला. मेंढ्याने दुजोरा दिला.
म्हटलं, पट्टा लावू नका. काच अर्धी खाली.
तो म्हणाला, तुझ्या जन्माआधीपासून जातोय मी यावरून.

अर्ध्या तासाने पलीकडच्या फाटकावरून ऊर्वे बोलली,
वायरलेसवर खरखर फार होती:
"पांढरी पोचली. फाटकाबाहेर जरा थांबली होती."
का? बिघाड?
"नाही रे. पट्टा लावत होती."

जमिनीवर गेल्यावर लाव,
एवढं सांगायचं राहूनच गेलं होतं माझं.

वहीत तिच्या गाडीपुढे वेळ लिहायला गेलो,
पेन उठेना, शाई गोठलेली.
तोंडात धरून ऊब दिली थोडा वेळ,
मग लिहिली.